पुण्याच्या नावाचे संघ आणि त्यांचे मालक

पुण्यात संघटित खेळाची जुनी रचना जिमखान्याची होती. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्यासारख्या संस्था सभासदांच्या वर्गणीवर, देणग्यांवर आणि कार्यकारिणीच्या बिनपगारी कामावर चालत आल्या. त्यांना एकच एक मालक नसल्यामुळे एखाद्या उद्योगसमूहाचे दिवस फिरले म्हणून त्यांना कुलूप लागण्याचा प्रसंग येत नसे. २००७ ते २०१९ या काळात मात्र शहरात दुसऱ्याच रचनेचे संघ आले. क्रिकेटचे दोन आणि फुटबॉलचे चार असे सहा व्यावसायिक संघ या काळात उभे राहिले आणि त्यांपैकी एकही आज अस्तित्वात नाही. मैदानावरील पराभवांनी हे घडले, असे म्हणता येत नाही. प्रत्येक संघ मालकाच्या मूळ धंद्याचे उपखाते म्हणून चालला आणि तो धंदा किंवा त्याची गणिते बदलताच किंवा ठरलेली मुदत संपताच बंद झाला.

यातील सर्वात मोठा व्यवहार सहारा समूहाचा होता. मार्च २०१० मध्ये इंडियन प्रीमियर लीगमधील दोन नव्या फ्रँचायझींचा, म्हणजे शुल्क भरून ठरावीक शहराच्या नावाने संघ चालवण्याच्या हक्कांचा, लिलाव झाला, तेव्हा सहाराने पुण्यासाठी सुमारे १,७०२ कोटी रुपयांची बोली लावली. ही रक्कम दहा वर्षांत फेडायची असल्याने दरसालचा हप्ता सुमारे १७० कोटींचा पडत होता. बोली लावताना हंगामात ९४ सामने होतील असे गृहीत धरलेले होते, प्रत्यक्षात ते ७४च झाले. घरच्या मैदानावरील सामने कमी झाले की तिकीटविक्री आणि जाहिरातींचे उत्पन्न घटते, म्हणून शुल्कही त्या प्रमाणात कमी करावे, अशी सहाराची मागणी होती. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाशी हा वाद मिटला नाही. पहिल्या हंगामात पुण्याजवळच्या गहुंजेचे मैदान तयार नसल्यामुळे सहाराच्या पुणे वॉरियर्स या संघाला घरचे सामने नवी मुंबईत खेळावे लागले, आणि पुढे त्या मैदानाला दिलेले सहाराप्रमुखांचे नावही नामकरणाच्या हक्काचे पैसे थकल्यामुळे २०१३ मध्ये उतरवण्यात आले. त्याच वर्षी मे महिन्यात मंडळाने सहाराची बँक हमी, म्हणजे हप्ता थकल्यास बँकेने भरून देण्याची ठेवलेली रक्कम, वटवली. समूहाने माघार जाहीर केली आणि ऑक्टोबरमध्ये करार संपुष्टात आला. उत्तर अमेरिकेतील बर्फावरील हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये २००९ साली फिनिक्सचा संघ दिवाळखोरीत गेला, तेव्हा लीगने स्वतःच तो विकत घेऊन २०१३ पर्यंत चालवला होता. पुण्याच्या बाबतीत संघ जगवण्याची जबाबदारी कोणीच घेतली नाही, आणि या कहाणीतील हीच सर्वात खेदाची बाब होय.

दुसरा क्रिकेट संघ मुळातच तात्पुरता होता. चेन्नई आणि राजस्थान हे संघ दोन वर्षांसाठी निलंबित झाल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये उलट्या बोलीचा लिलाव झाला. मंडळाच्या सामायिक उत्पन्नातून सर्वात कमी वाटा मागणाऱ्याला त्यात संघ मिळणार होता. संजीव गोयंका यांच्या समूहाने वाटा तर सोडलाच, शिवाय वर्षाला १६ कोटी रुपये मंडळालाच देऊ केले. २०१६ मध्ये दुष्काळामुळे मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला आणि संघाला विशाखापट्टणम् गाठावे लागले. पुढच्या वर्षी तो अंतिम सामना अवघ्या एका धावेने हरला. तरीही मुदत संपताच विसर्जित झाला. त्याच समूहाने २०२१ मध्ये लखनऊचा संघ ७,०९० कोटी रुपयांना घेतला. पैशाची वानवा नव्हती. पुण्याच्या व्यवहाराला पुढचा काळच दिलेला नव्हता.

फुटबॉलची कथा अधिक चटका लावणारी आहे. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये स्थापन केलेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला आणि त्याने तरुण खेळाडूंसाठी अकादमीही चालवली. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ च्या हंगामात थेट प्रवेशाने आला. अशा संघाला खालच्या श्रेणीत न ढकलण्याची हमी असल्याने तो तळाला राहूनही टिकला आणि त्याच्या वर असलेल्या गोव्याच्या डेम्पो संघाची मात्र पदावनती झाली. तोवर इंडियन सुपर लीग ही नवी फुटबॉल स्पर्धा सुरू होऊन आय-लीगचे भवितव्य अधांतरी झाले होते, आणि ज्या स्पर्धेला उद्या काय दर्जा राहील हे सांगता येत नाही तिच्यावर खर्च करणे दोन्ही समूहांना परवडेना. २०१५ मध्ये दोघेही बाहेर पडले. डीएसके शिवाजीयन्स हा संघ मालकाचा मूळ बांधकाम व्यवसाय ठेवीदारांच्या देण्यांत अडकल्यावर २०१७ मध्ये आय-लीगमधून गेला. बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी २०१७-१८ मध्ये सुपर लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचला होता. पण त्याचा प्रमुख मालक असलेला वाधवान समूह आर्थिक संकटात सापडला आणि २०१९ मध्ये संघाची लीगमधील जागा हैदराबादच्या नव्या संघाकडे गेली.

याच शहरात २०१४ पासून प्रो कबड्डीतील पुणेरी पलटण मात्र टिकून आहे. कबड्डीत खेळाडूखरेदीवर कडक मर्यादा असते: २०२३ च्या लिलावात अख्ख्या संघासाठी पाच कोटी रुपयांची मुभा होती, तर २०१७ मध्ये पुण्याच्या क्रिकेट संघाने एकट्या बेन स्टोक्ससाठी साडेचौदा कोटी मोजले होते. खर्च आवाक्यात असल्याने मालकाला दर हंगामी मोठी पदरमोड करावी लागत नाही, आणि पलटणीच्या टिकण्याचे श्रेय बऱ्याच अंशी या मर्यादेला द्यावे लागते. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पलटणीने पहिले विजेतेपद मिळवले.