चामड्याचा वास

निवृत्तीनंतर जेवणाच्या टेबलावर मी चामड्याची पाकिटं, पट्टे आणि वह्यांची वेष्टणं शिवायला लागलो आणि दिवाळीआधीच्या प्रदर्शनांत विकायलाही. गेल्या वर्षी एका बाईंनी पाकीट नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अहाहा, अस्सल!" पैसे घेताना मी उगाच चपापलो. याच वासापायी काही घरांना पिढ्यान् पिढ्या गावाच्या कडेला राहावं लागलं होतं.

हे काम मी शिकलो कोल्हापुरात, सुभाषनगरातल्या एका कारागिराकडे. त्यांना मी मामा म्हणतो, ते मला सर म्हणतात. पहिले दोन दिवस त्यांनी माझ्या हातात आरी दिलीच नाही. रापीला धार लावायची आणि कातड्याचा कोणता भाग तळाला, कोणता पट्ट्याला, हे बोटांनी ओळखायचं, एवढंच काम. पाठीचं कातडं घट्ट, पोटाकडचं सैल आणि ताणलं जाणारं. पोटाकडचा तुकडा मी तळासाठी काढला तेव्हा मामांनी तो शांतपणे बाजूला ठेवला. "सर, म्हशीनं एवढं दिलंय, वाया का घालवताय?"

कोल्हापूर म्हटलं की आता चप्पल आठवते. पण गावगाड्यात चामड्याचं मोठं काम विहिरीवर होतं. शेताला पाणी पाजणारी मोट, तिची सोंड, बैलांचा आसूड, पखाली, हलगीचं कातडं, सगळं याच हातांचं. मेलेलं जनावर ओढायचं महारांनी, कातडं कमवायचं ढोरांनी, शिवायचं चांभारांनी. एकाच कातड्याच्या वाटेवर तीन जाती उभ्या होत्या. मोबदला सुगीत खळ्यावर, धान्याच्या रूपात. बलुतं म्हणून ते मिळे, पण वाढताना हात वरूनच असायचा. पुढे लोखंडी मोटा आल्या, मग इंजिनं आणि विजेचे पंप. चामड्याची मोट गेली आणि राहिलं पायातलं. कापशीचं नाव कापशी चपलेला मिळालं. पायताण हा शब्द मात्र कोल्हापुरात प्रेमापेक्षा रागानेच जास्त वेळा निघतो.

जुनी कमावणी मी एकदा डोळ्यांनी पाहिली. चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढलेलं कातडं पिशवीसारखं शिवतात, टांगतात आणि त्यात बाभळीच्या सालीचं, हिरड्याचं पाणी भरतात. ते पाणी थेंबाथेंबाने कातड्यातून झिरपत खाली येतं, पुन्हा वर ओततात. यात आठवडे जातात. क्रोमच्या रसायनांनी हेच काम फार लवकर उरकतं, म्हणून बाजारात बहुतेक तेच चामडं मिळतं. पण सालीवर कमावलेलं कातडं पाण्यात भिजवून ठोकलं की आकार धरतं आणि वापराने गडद होत जातं. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो, तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात. पट्ट्यावरची वेणी बहुधा घरातल्या बायका घालतात. मामांच्या घरी ते काम सुनेचं. ती अथणीची, बोलते कानडी वळणाची मराठी, आणि बोलता बोलता बोटांकडे न पाहता वेणी संपवते.

मामांच्या भिंतीवर संत रोहिदास, शाहू महाराज आणि बाबासाहेब होतेच. सुनेने माहेरून हरळय्यांची तसबीर आणली. बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले हे शरण. त्यांनी आपल्या आणि पत्नीच्या मांडीच्या कातड्याचे जोडे बसवेश्वरांसाठी केले, अशी कथा आहे. त्यांच्या मुलाचं लग्न ब्राह्मण मधुवरसांच्या मुलीशी झालं आणि राजा बिज्जळाने दोन्ही व्याह्यांना देहदंड दिला. भक्तीचं कौतुक झालं, सोयरीक मात्र सोसली नाही. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानातल्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या आणि मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांच्या नेतृत्वाचं स्वागत केलं. मामांचे आजोबा त्या परिषदेला चालत गेले होते, असं घरात सांगतात. मामांचा थोरला मुलगा आज शिक्षक आहे. तो या कामाला बसला नाही, याचा मामांना आनंदही आहे आणि खंतही.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही महाराष्ट्र आणि कर्नाटकाला मिळून, दोन्हीकडचे चार-चार जिल्हे धरून. कोल्हापूर आणि अथणीची सोयरीक कागदावर आली. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेलांच्या पायांत तशाच चपला दिसल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. इथून ओरड झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केलं. मी तावातावाने ही बातमी मामांना वाचून दाखवली. ते वादी ओढत होते. म्हणाले, "सर, तुमच्या पाकिटाचं किती घेता?" मी आकडा सांगितला. थोडा वेळ थांबून म्हणाले, "अख्ख्या जोडामागं माझ्या हातात एवढं पडत न्हाई."

त्या दिवशी माझा मिलानवरचा राग बराच उतरला. नाव न घेता त्यांची विद्या विकणारा मीही होतोच. माझ्या हाताला चामड्याचा वास आला तर लोक त्याला छंद म्हणतात, कौतुक करतात आणि वर पैसे देतात. त्यांच्या हाताचा तोच वास जात म्हणून ओळखला गेला. मी हे काम उद्या सोडलं तर कुणी विचारणार नाही. त्यांना ते धरायचं की सोडायचं, हे ठरवता यायलाच कित्येक पिढ्या लागल्या.

यंदाच्या प्रदर्शनात माझं निम्मं टेबल मामांच्या सुनेचं आहे. तिच्या वेण्यांच्या चपला, तिच्या नावाची पाटी, दरही तिनेच ठरवलेला. या, पायात घालून बघा. पहिले चार दिवस चावतील, तेल लावा, नरम येतील. घासाघीस करायचीच असेल तर ती माझ्या पाकिटांवर करा.