मोठा कागद, छोटा पडदा

माझ्या अम्मीच्या डाव्या पायाचा अंगठा २०२० साली काढावा लागला. डॉक्टरांच्या लेखी कारण एकच, साखर. मला त्यात आणखी एक कारण दिसते. एक आलेख.

टाळेबंदीचे दिवस होते. भाच्याने मोबाइलवर अम्मीला रुग्णसंख्येचे आलेख दाखवले. आधी मुंबईचा, मग बोटाने सरकवून आमच्या जिल्ह्याचा. दोन्हींतले खांब पडद्याच्या वरच्या कडेला टेकलेले. "म्हणजे मुंबईइतकंच आपल्याकडंही आहे," अम्मी म्हणाली, आणि पायाची जखम चिघळत असतानाही तीन आठवडे दवाखान्याची पायरी चढली नाही. आकडे खोटे नव्हते. मुंबईची वरची रेघ हजारांत होती, आमची दहा-वीसांत. संगणकाच्या रुंद पडद्यावर हे आलेख शेजारी शेजारी, एकाच मापात होते. मोबाइलवर ते एकाखाली एक आले आणि प्रत्येकाने आपापली जागा भरून घेतली.

मंडळी, हा प्रश्न मोबाइलच्याही आधीचा आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला ठाऊक असते ती हातात दिवा घेतलेली. तिच्या दुसऱ्या हातात आकड्यांची वही होती, हे आपण विसरतो. क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली ती इस्तंबूलसमोरच्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेली. जानेवारी १८५५ या एका महिन्यात ब्रिटिश सैन्यात जखमांनी ८३ माणसे दगावली. टाळता येण्याजोग्या रोगांनी २,७६१. मार्चमध्ये स्वच्छता आयोग आला, गटारे साफ झाली, हवा खेळती झाली आणि मृत्यू उतरले.

हे राज्यकर्त्यांना पटावे म्हणून तिने १८५८ साली चित्र छापले. बारा महिन्यांच्या बारा पाकळ्यांचे एक वर्तुळ, पुढच्या वर्षाचे दुसरे. निळा रंग रोगांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. आधीच्या एका आकृतीत तिने आकडा पाकळीच्या लांबीने दाखवला होता. तसे केले की मोठा आकडा आहे त्याहून फुगतो. म्हणून इथे तिने क्षेत्रफळ धरले. आणि पुस्तकाचे पान अपुरे पडते म्हणून चित्र घडीच्या कागदावर आले. उलगडला की एक वर्तुळ मोठे, दुसरे लहान. सगळा युक्तिवाद त्या शेजारात होता.

मोबाइलला घडी उलगडता येत नाही. २०१० साली ईथन मार्कोट या अमेरिकन रचनाकाराने पडद्याच्या रुंदीनुसार आपोआप बदलणाऱ्या पानांना 'रिस्पॉन्सिव्ह' हे नाव दिले. पाण्यासारखी ओळ भांड्याचा आकार घेते, हे खरे. पण नाइटिंगेलची दोन वर्तुळे तशीच एकाखाली एक सोडली आणि दोन्ही पडद्याएवढी ताणली, तर वाचलेले जीव दिसेनासे होतात. त्यापेक्षा दोन्हींचे माप बांधून ठेवावे. किंवा एकाच जागी, बोट लावताच पहिल्या वर्षाचे दुसरे वर्ष व्हावे, म्हणजे पाकळ्या आक्रसताना दिसतील. संगणकावर बाण नुसता वर नेला तरी आकडा उमटतो. बोटाला ती सोय नाही. म्हणून मुख्य आकडा न दाबताही दिसला पाहिजे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने जानेवारी २०२० ते मार्च २०२३ चालवलेल्या कोरोनाच्या नकाशाला मोबाइलसाठी निराळी मांडणी होती, ती उगीच नव्हे.

मी कविता लिहिणारा माणूस. दहा कडव्यांचा आशय दोन ओळींच्या शेरात आणायचा, तर अक्षर बारीक करून भागत नाही. काय ठेवायचे, काय सोडायचे, हे पुन्हा ठरवून नव्याने लिहावे लागते. आरोग्याच्या चित्राचेही तसेच आहे; फरक इतकाच, की माझा शेर फसला तर कुणाचा अंगठा जात नाही.

आता भाचा काही दाखवायला आला, की अम्मी चष्मा चढवते आणि आधी विचारते, "वरच्या रेघेवर किती लिहिलंय, ते सांग."