महजरांवरील निशाण्या आणि गावगाड्यातील कारागीर

मराठेशाहीतील ग्रामजीवनाचा अभ्यास प्रामुख्याने कागदपत्रांच्या आधारे झालेला आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. तेव्हापासून महजर, निवाडपत्रे, वतनपत्रे, मिरासपत्रे यांचा मोठा संग्रह अभ्यासकांस उपलब्ध होत गेला. या कागदांचा मजकूर वाचण्याकडे जितके लक्ष पुरविले गेले, तितके त्यांच्या अखेरीस असणाऱ्या निशाण्यांकडे पुरविले गेले नाही. वस्तुतः शेतकरी व कारागीर यांचा इतिहासाच्या कागदाशी जो प्रत्यक्ष संबंध आला, तो या निशाण्यांच्या द्वारेच होय.

महजर म्हणजे गोतसभेने वादाचा निर्णय करून दिलेला लेख. वतन कोणाचे, पाटीलकीची वडीलकी कोणत्या घराकडे, शिवेचा दगड कोठे, असे प्रश्न गोतापुढे येत. सभेस देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन यांच्याबरोबर गावचे मिरासदार शेतकरी आणि बलुतेदारही हजर असत, आणि त्यांची नावे साक्षीदार म्हणून लेखात नोंदली जात. ज्यांस लिहिता येई ते स्वहस्ते लिहीत. ज्यांस येत नसे त्यांच्या नावापुढे निशाणी काढली जाई. ही निशाणी म्हणजे केवळ एखादी रेघ वा फुली नव्हे. शेतकऱ्यापुढे नांगर, न्हाव्यापुढे आरसा, चांभारापुढे आरी, परटापुढे मोगरी, तेल्यापुढे पहार, याप्रमाणे ज्याचे त्याचे अवजार तेथे रेखाटलेले आढळते. किंबहुना पाटील व देशमुख यांसारख्या मानकऱ्यांचीही निशाणी नांगराचीच असे. अधिकार कितीही मोठा असला, तरी गोतात उभे राहताना मनुष्य आपल्या व्यवसायाच्या साधनाने ओळखला जाई, हा या प्रथेचा अर्थ होय.

या अर्थाचे महत्त्व लक्षात येण्यासाठी बलुतेदारीची घडण ध्यानी घेणे अवश्य आहे. गावच्या बलुतेदारांची संख्या बारा सांगण्याचा प्रघात असला, तरी प्रत्येक प्रांतातील यादी सारखी नाही. सुतार, लोहार, चांभार, महार, मांग, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी ही नावे बहुतेक याद्यांत येतात. मुलाणा, कोळी, सोनार यांचे स्थान मात्र प्रदेशपरत्वे बदलते. बलुत्याच्या तीन ओळी मानीत. ज्यांच्यावाचून शेतीचे पाऊलही पुढे पडत नाही, ते सुतार व लोहार यांसारखे कारागीर थोरल्या ओळीत. कुंभार, न्हावी, परीट यांची मधली ओळ. आणि गुरव, जोशी आदींची धाकटी. ओळीनुसार धान्याचा वाटा कमीजास्त होई. यांखेरीज तेली, तांबोळी, साळी, माळी, शिंपी, गोंधळी, घडशी इत्यादी अलुतेदार असत. गोंधळी व घडशी यांचा या वर्गात समावेश असणे हे लक्षणीय आहे; कारण गावाच्या दृष्टीने गाणे-वाजविणे हे देखील एक काम होते आणि त्याचाही हक्क ठरलेला होता.

या व्यवस्थेतील श्रमांची गुंफण समजण्यास विहिरीवरील मोटेचे उदाहरण पुरेसे आहे. मृत जनावर ओढून नेण्याचे काम महाराकडे असे. कातडे कमावण्याचे काम ढोराचे आणि मोट शिवण्याचे चांभाराचे. मोटेचा जाड नाडा व बारीक सोंदूर वळण्याचे काम मांगाचे. चाक व त्याचा कणा सुताराने घडावयाचा, आणि त्यास लागणारे लोखंडी काम लोहाराने करावयाचे. एवढे झाल्यावर शेतकऱ्याच्या बैलांनी मोट ओढली म्हणजे पाटात पाणी येई. नांगराची कथाही निराळी नाही. लाकूड शेतकऱ्याचे, घडण सुताराची, फाळ शेवटणे लोहाराचे. या नित्याच्या कामांबद्दल प्रत्येक वेळी दाम द्यावयाचा नसे. सुगीच्या वेळी खळ्यावर बलुतेदार येत आणि पेंढ्या व धान्य या रूपाने वर्षाचा वाटा उचलीत. शेतीबाहेरचे वा नैमित्तिक काम असल्यास त्याचा मोबदला मात्र वेगळा ठरे.

बलुतेदार हा कोणाचा चाकर, या प्रश्नावर पुढे बरीच चर्चा झाली. उत्तर हिंदुस्थानातील एका गावाच्या निरीक्षणावरून विल्यम वायझर यांनी १९३६ मध्ये यजमानी पद्धतीचे जे वर्णन केले, त्यात कारागिराचे नाते विशिष्ट यजमान-कुटुंबांशी असल्याचे दाखविले होते. मराठी गावासही तीच चौकट लागू पडते, असा समज काही काळ प्रचलित होता. जपानी अभ्यासक हिरोशी फुकाझावा यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात अठराव्या शतकातील मराठी कागदांची छाननी करून या समजास आक्षेप घेतला. त्यांच्या मते महाराष्ट्रातील बलुतेदार हा एखाद्या घराचा नसून समस्त गावाचा सेवक होता, आणि त्याचा हक्क हे गावाने मान्य केलेले वतन होते. महजरांवरील निशाण्या या मतास पुष्टी देतात. एखाद्या घराचा आश्रित त्या घराच्या वादात स्वतंत्र साक्षीदार म्हणून उभा राहणे कठीण. गावाचा वतनदार मात्र राहू शकतो. शिवेच्या तंट्यात तर महाराची साक्ष विशेष महत्त्वाची मानली जाई, कारण शिवेची माहिती राखणे हे त्याच्याच कामात मोडे.

तथापि येथेच सावध होणे जरूर आहे. १८१९ मध्ये एल्फिन्स्टन यांनी दख्खनच्या मुलखाविषयी दिलेल्या अहवालात, आणि १८३० मध्ये मेटकाफ यांनी उत्तरेकडील गावांविषयी लिहिलेल्या टिपणात, गाव म्हणजे जणू एक लहानसे स्वयंपूर्ण राज्य असे चित्र उभे केले गेले. पुढील काळात हे चित्र अनेकांस प्रिय झाले. साक्षीदारांच्या यादीत सर्व जातींच्या निशाण्या एकत्र पाहून गावगाडा समतेने चालत होता, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु साक्षीचा अधिकार आणि सामाजिक दर्जा या भिन्न गोष्टी आहेत. शिवेचा निर्णय ज्याच्या शब्दावर होई, त्या महारास त्याच गावात पाणवठ्यावर मज्जाव होता व वस्तीबाहेर राहावे लागे. त्याचे वतन हा हक्क होता हे खरे. पण त्या हक्कास जोडून आलेली वेठ हीही तितकीच खरी होती. एकाच कागदात सन्मान व बंधन दोन्ही नांदत असल्याने, केवळ कागद वाचणाऱ्यास त्यांपैकी एकच दिसण्याचा धोका राहतो.

दुसरी मर्यादा अशी की, कागद हा वतनाचा असल्याने ज्यास वतन नाही त्याची निशाणीही नाही. मिरासदाराच्या शेजारी राबणारा उपरी शेतकरी, गावोगाव हिंडून टोपल्या विणणारा कैकाडी, पाथरवट, वडार यांची नावे या याद्यांत क्वचितच येतात. स्त्रियांच्या बाबतीत तर हा अभाव अधिकच जाणवतो. कुंभाराच्या घरी माती चाळणे, तुडविणे, भांडी वाळविणे या कामांत, किंवा परटाच्या घरी घाटावरील धुण्यात, घरातील स्त्रियांचा वाटा पुरुषांहून कमी नव्हता. परंतु चाक पुरुषाच्या हाती आणि निशाणीही पुरुषाचीच. वतनाच्या वारशाचा प्रश्न उपस्थित झाला तरच एखाद्या विधवेचे नाव कागदावर उमटते. म्हणजे हा संग्रह श्रमाचा इतिहास सांगत नसून हक्काच्या तंट्याचा इतिहास सांगतो. ज्या सुताराने आयुष्यभर उत्तम पाभरी घडविल्या आणि ज्याच्या वतनास कोणी हरकत घेतली नाही, तो सुतार दप्तरात सापडणे कठीण.

इंग्रजी अंमलात या निशाणीचे कार्यच पालटले. रयतवारी पद्धतीने शेतकऱ्याचा संबंध गोताऐवजी सरळ सरकारी खात्याशी आणि दिवाणी न्यायालयाशी जोडला गेला. गोतसभेचा अधिकार लयास गेला; निशाणी मात्र उरली, ती सावकाराच्या कर्जरोख्यावर. पूर्वी जो नांगर शेतकऱ्याची साक्ष ठरे, तोच आता त्याने न वाचलेल्या अटींची कबुली ठरू लागला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उसळलेल्या आणि पुणे व नगर जिल्ह्यांत पसरलेल्या उठावात शेतकऱ्यांनी सावकारांकडील रोखे हस्तगत करून जाळण्यावर भर दिला, यातील मर्म या पार्श्वभूमीवर स्पष्ट होते. त्यांचा रोष मुख्यतः कागदावर होता. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्यांचे दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर लिहिले जावेत अशी तरतूद केली. निरक्षराची निशाणी ही त्याची संमती मानता येत नाही, हे राज्यकर्त्यांनी त्या तरतुदीद्वारे अप्रत्यक्षपणे मान्य केले, असे म्हणता येईल.

कारागिरांची स्थितीही याच काळात ढासळली. गिरणीचे कापड, आयात लोखंडी माल, धातूची भांडी यांनी साळी, लोहार, कुंभार यांच्या कामाचा संकोच केला. महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ मधील ग्रंथात शेतकऱ्याच्या दैन्याबरोबर परदेशी मालामुळे देशी कारागिरांवर आलेल्या संकटाचीही नोंद केली आहे. पुढे त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये 'गावगाडा' लिहून बलुतेदारीचे तपशीलवार वर्णन केले. महसूल खात्यातील अनुभवामुळे त्यांची माहिती भरघोस आहे. परंतु त्यांचा मुख्य कटाक्ष कुणब्यावर पडणाऱ्या भारावर आहे. खळ्यावर येणारे हात त्यांस शेतकऱ्याच्या बाजूने दिसतात. त्याच हातांस ते खळे कसे दिसत होते, हे कळण्यास निराळ्या साधनांची गरज होती.

ती दृष्टी प्रथम राजकीय मागणीच्या रूपाने पुढे आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. महार वतन हे मानाचे साधन नसून अल्प मोबदल्यात अमर्याद राबवून घेण्याचे साधन झाले आहे, ही त्यांची भूमिका होती. स्वातंत्र्यानंतर गावोपयोगी सेवा-इनामे १९५३ च्या कायद्याने आणि कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. ज्या हक्काच्या रक्षणासाठी पिढ्यान्‌पिढ्या गोतासमोर महजर झाले, तोच हक्क नाहीसा व्हावा यासाठी त्याच्या धारकांच्या वंशजांनी लढा दिला, ही घटना वतनाच्या इतिहासाचा अर्थ लावताना नजरेआड करता येत नाही.

यानंतर थोड्याच वर्षांत निशाणीच्या जागी लेखणी आली. राम नगरकर यांचे 'रामनगरी' १९७५ मध्ये, दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. यांपैकी पहिले न्हावी समाजातील लेखकाचे, दुसरे महार समाजातील व तिसरे कैकाडी समाजातील लेखकाचे आहे. यांतील दोन ग्रंथांची नावे जुन्या ग्रामव्यवस्थेच्या परिभाषेतून आलेली आहेत, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. दप्तरातील संज्ञा येथे त्या संज्ञेखाली जगलेल्या मनुष्याने स्वतः उलगडली आहे. आत्मकथन हे महजराचे प्रमाण रद्द करीत नाही. परंतु महजराने जे गृहीत धरले होते, त्याचा हिशेब ते मागते. म्हणूनच या ग्रंथांचे स्थान केवळ साहित्याच्या विभागात नसून सामाजिक इतिहासाच्या साधनांतही आहे.

एका अन्य प्रकारच्या साधनाकडेही लक्ष वेधणे अगत्याचे आहे. थॉमस कोट्स यांनी पुण्याजवळील लोणी गावाचे केलेले वर्णन १८२३ मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात छापले गेले, आणि त्याच गावाचा पुन्हा अभ्यास करून गो. स. घुर्ये यांनी १९६० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. एकाच गावाकडे कालांतराने पुन्हा वळण्याची ही पद्धत कारागिरांच्या इतिहासास विशेष उपयुक्त आहे. कारण कारागिराचे ज्ञान कागदापेक्षा हातात, अवजारांत आणि शब्दांत अधिक टिकते. मोट बंद पडली आणि तिच्यासमवेत नाडा, सोंदूर, कणा हे शब्दही वापरातून जाऊ लागले. महजरावरील आरी वा मोगरी ओळखण्यास ती अवजारे वापरलेल्या माणसांची स्मृती लागते. दप्तर सुरक्षित राहील; परंतु ही स्मृती नोंदविली गेली नाही, तर त्यातील निशाण्या अवशिष्ट राहूनही अर्थहीन होतील. तेव्हा दप्तराचे वाचन आणि गावातील वृद्ध शेतकरी व कारागीर यांच्या कथनांचे संकलन ही दोन स्वतंत्र कामे नसून एकाच संशोधनाची दोन अंगे आहेत, आणि त्यांतील दुसऱ्या अंगास विलंब सोसणारा नाही.