ओळीच्या डोक्याशी असलेली खूण

आमच्या शाळेचा सुविचाराचा फळा बावीस वर्षं माझ्याकडे आहे. प्रार्थनेच्या आधी ओलं फडकं मारायचं, खडूनं एक ओळ लिहायची आणि खाली नाव. माणसानं स्वतःशी खरं राहावं, या अर्थाची ओळ मी कितीदा तरी लिहिली आणि खाली लिहिलं शेक्सपिअर.

पण ती बोलतो ‘हॅम्लेट’ नाटकातला पोलोनियस, परदेशी निघालेल्या मुलाला निरोप देताना. पुढच्याच अंकात हा बाप त्याच मुलावर पाळत ठेवायला माणूस धाडतो. पोरगा पितो, जुगार खेळतो असं खुशाल बोल, मग लोक काय सांगतात ते काढून घे, असंही त्याला शिकवतो.

वचन असं खुडून घेण्याची रीत शेक्सपिअरच्या हयातीतही होतीच. शिकलेले इंग्रज वाचताना टिपणवही जवळ ठेवत आणि मैत्री, पैसा, राग अशा मथळ्यांखाली वाक्यं उतरवून घेत. छापखानेही त्यांची सोय बघत. १६०३ साली ‘हॅम्लेट’ पहिल्यांदा छापलं गेलं, त्यात पोलोनियसचं नाव कोरँबिस आहे. त्यातल्या एका पानाच्या छायाचित्रावर मी भिंग धरलं, तर त्याच्या उपदेशाच्या ओळींच्या डोक्याशी अवतरणचिन्हं! ती पुढे कुठे मिटत नाहीत. ही ओळ वहीत घ्या, एवढंच ती सांगतात.

१७५२ मध्ये विल्यम डॉड या धर्मोपदेशकानं शेक्सपिअरमधले निवडक उतारे दोन खंडांत छापले. जर्मन कवी गटेला तरुणपणी शेक्सपिअर पहिल्यांदा भेटला तो याच पुस्तकातून. हाच डॉड १७७७ मध्ये फासावर गेला. आपल्या जुन्या शिष्याच्या, एका उमरावाच्या, नावानं त्यानं ४,२०० पौंडांचा खोटा दस्त केला होता. खुद्द कोशकार डॉ. जॉन्सननं त्याच्यासाठी दयेचे अर्ज लिहून दिले, तरी उपयोग झाला नाही.

मला सगळ्यांत जास्त लागतो तो ‘ऑथेल्लो’ नाटकातला इयागो. दारूपायी हुद्दा गमावून बसलेल्या कॅसिओला तो सांगतो, अब्रू म्हणजे पोकळ गोष्ट, विसर. आणि पुढच्या अंकात ऑथेल्लोपुढे म्हणतो, पैसा गेला तर काही गेलं नाही, नाव गेलं की माणूस नागवला. हे दुसरं बोलणं सुविचार म्हणून मीच लिहिलंय. ते ऑथेल्लोच्या मनात विष कालवताना बोललेलं आहे, हे मुलांना सांगायला हवं होतं.

या जूनपासून मी खाली नाटककाराचं नाव लिहीत नाही. पात्राचं लिहिते आणि ते कुणाशी बोलतंय तेही. परवा सातवीतली एक मुलगी फळ्यापाशी थांबली आणि तिनं विचारलं, “बाई, मग त्या मुलाला कळलं का, बाबांनी माणूस पाठवला होता ते?”