पोलादाचं पाणी

अंधेरी एमआयडीसीतल्या एका गाळ्यात भट्टीतून लालभडक छिन्नी निघाली, तेलात गेली, चर्रर्र झालं. ‘पाणी बसलं,’ कारागीर म्हणाला. बुडवली तेलात, शब्द मात्र पाणी! सुश्रुतसंहितेत शस्त्रांची ‘पायना’, म्हणजे पाजणं, क्षार, उदक आणि तेल अशी तीन प्रकारची सांगितली आहे. म्हणजे तेलही पाजायचंच. झटकन निवलेलं पोलाद कठीण होतं, पण ठिसूळही. म्हणून ते पुन्हा बेताने तापवतात. पाणी म्हणजे चमकही: मोती पाणीदार, डोळे पाणीदार. पण माणसाचं पाणी जोखतात, ते मला या भट्टीजवळचंच वाटतं. घाटकोपरच्या बाजारात कोळीणमावशींनी कोयत्यावर अंगठा फिरवला: ‘धारवाल्याने चाकावर जास्त तापवला गं, पाणीच उतरलं याचं.’