गुडघ्याच्या दुखापतीनंतरचे व्यायामाधिष्ठित पुनर्वसन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
गुडघ्याला दुखापत झालेल्या खेळाडूने विश्रांती घ्यावी, हा सल्ला आपल्या क्रीडांगणांवर आजही सर्रास दिला जातो. प्रारंभीची अल्पकाळ विश्रांती आवश्यक असली, तरी तीच उपचार होय ही समजूत इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. प्रस्तुत लेखात या विचारपरिवर्तनाचे तीन टप्पे तपासले आहेत.

युद्धकाळातील प्रयोग :
दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकन लष्करी रुग्णालये जखमी सैनिकांनी भरून गेली होती. हलक्या वजनाच्या असंख्य आवर्तनांनी मांडीचे स्नायू पूर्ववत होण्यास फार काळ लागे. शिकागो येथील गार्डिनर रुग्णालयातील डॉ. थॉमस डीलॉर्म हे स्वतः तरुणपणी वजने उचलणारे होते. त्यांनी जड वजन व मोजकी आवर्तने यांचा अवलंब करून १९४५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९४८ मध्ये वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी ही पद्धती सुटसुटीत केली. दहा वेळाच उचलता येईल असे कमाल वजन ठरवावयाचे आणि त्याच्या निम्म्या, पाऊण व पूर्ण भाराने दहा-दहा आवर्तने करावयाची. आखाड्यातील अनुभवाला अशा रीतीने वैद्यकशास्त्रात स्थान मिळाले.

आज्ञाभंगातून लाभलेले ज्ञान :
तथापि अग्र क्रुसिएट अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर सांधा दीर्घकाळ जखडून ठेवण्याची प्रथा १९८० च्या दशकापर्यंत प्रचलित होती. परिणामी गुडघा आखडे व स्नायू क्षीण होत. अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील डॉ. डोनाल्ड शेलबोर्न यांना असे आढळले की, सूचना न पाळता लवकर हालचाल करणारे रुग्ण अधिक वेगाने बरे होत होते आणि त्यांच्या सांध्याचे स्थैर्यही ढळत नव्हते. या निरीक्षणावर आधारित त्वरित पुनर्वसनाचा आराखडा त्यांनी निट्झ यांच्यासह १९९० मध्ये मांडला.

शस्त्रक्रियेला पर्याय? :
२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील चाचणीत हाच अस्थिबंध तुटलेल्या १२१ तरुण, क्रियाशील व्यक्तींचा समावेश होता. व्यायामासह लवकर शस्त्रक्रिया झालेला गट आणि आधी व्यायाम व गरज भासल्यासच शस्त्रक्रिया असा गट, यांच्या परिणामांत दोन वर्षांनंतर लक्षणीय फरक आढळला नाही. दुसऱ्या गटातील ५९ पैकी ३६ जणांना या काळात अस्थिबंधाची पुनर्रचना करावी लागली नाही. मात्र व्यावसायिक खेळाडू या चाचणीत नव्हते, ही मर्यादा लक्षात घेणे अगत्याचे आहे.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, व्यायामाला उपचाराचा दर्जा एकाएकी मिळाला नाही. प्रत्येक टप्प्यावर रूढ सावधगिरीला अनुभवाने आव्हान दिले. महाविद्यालयीन खेळाडूच्या दृष्टीने याचे मोल मोठे आहे. वजने, पायरी, भिंतीचा आधार ही साधने कोणत्याही महाविद्यालयात उपलब्ध होऊ शकतात. उणीव असते ती तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाची आणि सातत्याची. ती दूर न झाल्यास, बरा होऊ शकणारा खेळाडू केवळ विश्रांतीच्या सल्ल्यामुळे मैदानाला कायमचा मुकतो.