गुणमेलनाचे कोष्टक : एका रूढीचा इतिहास

मराठीत 'छत्तीस' या संख्येला दोन परस्परविरोधी अर्थ चिकटले आहेत. दोघांत 'छत्तीसचा आकडा' असेल तर त्यांचे वैर समजावे आणि वधूवरांचे 'छत्तीस गुण जुळले' तर तो विवाह सर्वोत्तम मानावा. पहिला अर्थ ३ आणि ६ या अंकांनी एकमेकांकडे फिरविलेल्या पाठीवरून आला. दुसरा पंचांगातील गुणमेलनाच्या कोष्टकावरून. हे कोष्टक वैदिक काळापासून अखंड चालत आले आहे अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि तिच्या आधारावरच आजही कित्येक स्थळे नाकारली जातात. ही समजूत इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. फलज्योतिष खरे की खोटे, हा येथील प्रश्न नव्हे.

१. गृह्यसूत्रांपासून मुहूर्तग्रंथांपर्यंत

गृह्यसूत्रांत वधूवरांच्या निवडीचा विचार आहे. परंतु त्याचे स्वरूप वेगळे आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात प्रथम मातेकडून व पित्याकडून कुलाची परीक्षा करण्यास सांगितले आहे. कन्येची लक्षणे ओळखणे अवघड, म्हणून आठ ठिकाणच्या मातीचे गोळे करून त्यांपैकी एक तिला उचलावयास लावावा, असा विधी तेथे येतो. दुबार पिकणाऱ्या शेतातील, गोठ्यातील, वेदीवरील, न आटणाऱ्या डोहातील, द्यूतस्थानातील, चव्हाट्यावरील, नापीक जमिनीतील आणि स्मशानातील अशी ती माती असते. नक्षत्रांचा संबंध येतो तो मुख्यतः विवाहाची वेळ ठरविण्यापुरता. वधूचे जन्मनक्षत्र आणि वराचे जन्मनक्षत्र यांचा मेळ घालून त्याला गुण देण्याची पद्धत येथे नाही.

पुढे इसवी सनाच्या सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहज्जातका'त स्त्रीजातकाचा स्वतंत्र अध्याय लिहिला. त्यातही छत्तीस गुणांचे कोष्टक सापडत नाही. आज उत्तर भारतात व महाराष्ट्रात रूढ असलेली आठ कूटांची मांडणी आपल्याला सुस्पष्ट रूपात भेटते ती मध्ययुगीन मुहूर्तग्रंथांत. यांपैकी 'मुहूर्तमार्तंड' हा ग्रंथ शके १४९३ (इ. स. १५७१) मध्ये देवगिरीच्या परिसरातील नारायण याने रचला. 'मुहूर्तचिंतामणी' हा राम दैवज्ञाचा ग्रंथ शके १५२२ (इ. स. १६००) मधील, काशी येथे लिहिलेला. रामाचे घराणे मूळचे विदर्भातले. त्याचा ज्येष्ठ बंधू नीलकंठ हा 'ताजिकनीलकंठी'चा कर्ता. उत्तर हिंदुस्थानात सर्वाधिक प्रमाण मानला गेलेला हा मुहूर्तग्रंथ महाराष्ट्रातून काशीस गेलेल्या विद्वत्कुलाची निर्मिती आहे, हे मराठी अभ्यासकांनी विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

२. कोष्टकातील दोन थर

मुहूर्तचिंतामणीत वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, भकूट आणि नाडी ही आठ कूटे क्रमाने वाढत्या गुणांची सांगितली आहेत. वर्णाला १, वश्याला २, असे करत नाडीला ८, बेरीज ३६. व्यवहारात १८ गुण पुरेसे समजतात.

या आठ कूटांचे पृथक्करण केले तर एक गोष्ट प्रकर्षाने दिसते. वर्ण, वश्य, ग्रहमैत्री आणि भकूट ही चार कूटे चंद्राच्या राशीवर अवलंबून आहेत; त्यांचे गुण १५. तारा, योनी, गण आणि नाडी ही चार नक्षत्रावर. त्यांचे गुण २१. आता, वेदांगज्योतिषात नक्षत्रे आहेत, पण मेषादी बारा राशी नाहीत. राशी, राशिस्वामी आणि ग्रहांचे मित्र-शत्रुत्व यांचा विचार ग्रीक जगाशी आलेल्या संपर्कानंतर, यवनजातकासारख्या ग्रंथांच्या द्वारे येथे स्थिरावला. म्हणजे गुणमेलनाच्या कोष्टकात दोन भिन्न ज्ञानपरंपरांचे थर एकत्र आलेले आहेत. नक्षत्रांचा थर मुळात जुना. पण त्यांना गण, योनी व नाडी चिकटविण्याची रचना नंतरची. योनिकूटात चौदा प्राणी आहेत. प्रत्येक प्राण्याला नर व मादी अशी दोन नक्षत्रे धरली तर २८ नक्षत्रे लागतात. म्हणून तेथे अभिजित हे नक्षत्रही मोजले आहे. अभिजित वगळून २७ नक्षत्रेच घेतली की उत्तराषाढेचा मुंगूस जोडीदाराविना उरतो. अशा जोडांच्या खुणांवरून कोष्टक कसे घडत गेले याचा माग लागतो.

वर्णकूटाचे उदाहरणही बोलके आहे. कर्क, वृश्चिक, मीन या राशी ब्राह्मण. मेष, सिंह, धनू क्षत्रिय. वृषभ, कन्या, मकर वैश्य. मिथुन, तूळ, कुंभ शूद्र. वराचा वर्ण वधूच्या वर्णाच्या बरोबरीचा किंवा त्याहून वरचा असला पाहिजे. हा वर्ण जन्मजातीशी संबंधित नाही. एकाच घरातील दोन भावांचे वर्ण भिन्न असू शकतात. तरीही अनुलोम-प्रतिलोमाची समाजातील कल्पना जशीच्या तशी आकाशात नेऊन ठेवलेली आहे. त्यामुळेच हे कोष्टक वर आणि वधू यांची अदलाबदल केली असता तेच उत्तर देत नाही.

३. प्रांतभेद आणि पंचांगभेद

दक्षिणेत वेगळी पद्धत आहे. तमिळ प्रदेशात दहा 'पोरुत्तम' पाहतात : दिन, गण, माहेंद्र, स्त्रीदीर्घ, योनी, राशी, राश्यधिपती, वश्य, रज्जू आणि वेध. या दहांत नाडीला स्थान नाही. काही ठिकाणी ती निराळी जोडली जाते. तेथे महत्त्व रज्जूला. सत्तावीस नक्षत्रांची पाद, कटी, नाभी, कंठ आणि शिर अशी विभागणी करून वधूवर एकाच रज्जूत नसावेत, असा दंडक आहे. अश्विनी आणि मघा यांची नाडी भिन्न, म्हणून महाराष्ट्रात या जोडीला नाडीचे पूर्ण ८ गुण मिळतात. रज्जू मात्र एकच, म्हणून तमिळ प्रदेशात ती सदोष. अश्विनी आणि आर्द्रा यांचे नेमके उलट : रज्जू भिन्न, पण दोन्ही आद्य नाडीची. एकाच जोडीविषयी दोन प्रांत परस्परविरुद्ध निर्णय देतात आणि दोघेही शास्त्राचाच आधार सांगतात.

प्रांतभेदाहून सूक्ष्म आहे तो पंचांगभेद. राशिचक्राचा आरंभ कोठून धरावा, यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून महाराष्ट्रात तीव्र वाद झाला. केरो लक्ष्मण छत्रे, शंकर बाळकृष्ण दीक्षित, व्यंकटेश बापूजी केतकर आणि लोकमान्य टिळक यांच्यासारखी माणसे त्यात उतरली होती. रेवतीची योगतारा आरंभी धरणारा पक्ष आणि चित्रा तारेच्या समोरचा बिंदू आरंभ मानणारा पक्ष यांच्यात सुमारे ४ अंशांचे अंतर पडते. नक्षत्राची व्याप्ती १३ अंश २० कला असल्यामुळे दहांपैकी सुमारे तीन जन्मांचे नक्षत्र या दोन पक्षांनुसार वेगळे येते. चित्रापक्षाने चंद्र मेषेच्या १२ अंशांवर असला तर जन्मनक्षत्र अश्विनी. रेवतीपक्षाने तोच चंद्र १६ अंशांवर, म्हणजे भरणीत. रास तीच राहिली तरी देवगणाचा मनुष्यगण झाला, अश्वयोनीची गजयोनी झाली आणि आद्य नाडीची मध्य नाडी झाली. भारत सरकारने १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांगसुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात चित्रापक्षाला अनुसरून अयनांश ठरविले. तरी दोन्ही पक्षांची पंचांगे पुढेही चालू राहिली.

४. दोष, परिहार आणि मुलीचा पक्ष

प्रत्येक नाडीत नऊ नक्षत्रे येतात. तेव्हा केवळ योगायोगाने जमविलेल्या जोड्यांपैकी एक-तृतीयांश जोड्या एकनाडी ठरणारच. मंगळाचे प्रमाण याहून मोठे. लग्न, चतुर्थ, सप्तम, अष्टम व व्यय या बारांपैकी पाच स्थानांतील मंगळ दोषकारक मानला की दर बारा पत्रिकांत सरासरी पाच मंगळाच्या निघतात. नियम अक्षरशः पाळले असते तर लहान पोटजातींत विवाह जमणेच कठीण झाले असते. म्हणून परिहारांची लांबलचक यादी तयार झाली : नक्षत्र एक पण चरण भिन्न, राशिस्वामी मित्र, मंगळ स्वगृही, आणि असे कितीतरी. कोष्टक कठोर आणि व्यवहार लवचिक, अशी ही व्यवस्था होती.

मात्र ही लवचिकता दोन्ही पक्षांना सारखी मिळाली नाही. मूळ नक्षत्र सासऱ्यास आणि आश्लेषा सासूस घातक, हे वचन मुहूर्तचिंतामणीत कन्या आणि पुत्र या दोघांनाही लावलेले आहे. जावयाच्या मूळ नक्षत्रामुळे वधूच्या पित्याने स्थळ नाकारावे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. प्रत्यक्षात 'मूळ नक्षत्रावरची मुलगी' हा शब्दप्रयोग घरोघर ऐकू येतो. 'मूळ नक्षत्रावरचा मुलगा' हा विवाहाच्या बाजारात कोणाला अडत नाही. त्याच ठिकाणी मूळ नक्षत्राच्या अखेरच्या आणि आश्लेषेच्या पहिल्या चरणाला सांगितलेली सूटही सोयीस्करपणे विसरली जाते. ग्रंथातील वचनापैकी काय घ्यावे आणि काय सोडावे हे ग्रंथाने ठरविले नाही. ते नाकारण्याचा अधिकार ज्याच्या हाती होता त्या वरपक्षाने ठरविले.

स्वतंत्र भारताच्या कायद्याने या कोष्टकाची दखल घेतलेली नाही. सगोत्र विवाहाला १९४६ मध्ये कायद्याने मान्यता मिळाली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात वय, मनःस्थिती, निषिद्ध नाती यांच्या अटी आहेत, गुणांची नाही. तरीही छापील पंचांगाने कोष्टक प्रत्येक घरात नेले आणि संगणकाने ते क्षणात सोडवून देण्याची सोय केली. पूर्वी जोशीबुवा परिहार शोधून अडलेले लग्न मार्गी लावीत. यंत्र केवळ आकडा देते. सोळाव्या शतकातील ग्रंथकारांनी संकलित केलेला आणि प्रांतागणिक व पंचांगागणिक बदलणारा हा आकडा सनातन म्हणून पुढे केला जातो, तेव्हा त्याची किंमत बहुधा मुलीलाच मोजावी लागते. टिपण परत आले की कारण विचारण्याची रीत नाही. म्हणूनच या रूढीच्या पुढील अभ्यासात जमलेल्या विवाहांइतकाच परत आलेल्या टिपणांचाही शोध घेणे अगत्याचे आहे.